पाचाचं बटण

योगीराज तसा भित्रा माणूस नव्हता. मेंढरांच्या वाड्यावर वाढलेलं पोर अंधाराला काय भिणार? सातव्या वर्षी त्यानं लांडगा समोरासमोर बघितला होता आणि पळायच्या ऐवजी दगड उचलला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची हकिगत ऐकली की लोक म्हणतात, एकटं राहून पोराचं डोकं फिरलं असेल. डोकंबिकं काही फिरलं नव्हतं. भालकी तालुक्यातल्या मेहकरचा हा धनगराचा मुलगा. बिदरला डिप्लोमा केला, हैदराबादेत पाच वर्षं संगणकाचे प्रोग्राम लिहिले, आणि दोन हजार दहा साली परत येऊन बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावरची खोली घेऊन बसला. जोडीला महांतेश, त्याच वर्गातला. वर दोन संगणक आणि एक पंखा, खाली तुरीची पोती.

काम मोठं चांगलं मिळालं होतं. हैदराबादच्या एका संस्थेला फिरत्या मेंढपाळांसाठी मोबाइलवर चालेल असं काहीतरी हवं होतं. पाणी कुठं आहे, चारा कुठं आहे, हे एकानं कळवायचं आणि बाकीच्यांना समजायचं, एवढंच. पण संस्थेनं एक अट घातली. एकाच जातीच्या फोनसाठी करा, सगळ्यांसाठी करत बसलात तर सात जन्म पुरायचे नाहीत. आणि या अटीवरूनच दोघांचं बिनसलं.

आपल्याला वाटतं, फोन म्हणजे फोन, त्यात निवडायचं काय? पण बटणाच्या फोनसाठी लिहिलेला प्रोग्राम काचेच्या फोनवर चालत नाही आणि काचेचा बटणावर चालत नाही. बटणवाल्यांचं जावा वेगळं, काचवाल्यांचं अँड्रॉइड वेगळं. एकाला हात दिला की दुसऱ्याकडची माणसं बाहेर राहिली. म्हणून प्रोग्राम लिहिणारे लोक आधी हाच हिशेब करत बसतात, की आज कुणाच्या हातात काय आहे आणि उद्या काय असणार.

"दोन वर्षांत बटणं ऱ्हात न्हाईत बघ," महांतेश म्हणाला. "समदे काच घासायलेत असं दिसंल तुला. मरणाऱ्या फोनासाठी कामून लिहायलास योग्या?"

"आज काय हाय त्ये तर बघू," योगीराज म्हणाला आणि गाडीला किक मारून निघाला.

आठवडाभर तो औरादकडं वाड्यावाड्यांवर फिरला. एक्केचाळीस जणांचे फोन त्यानं हातात घेऊन बघितले. एकूण एक बटणाचे. महांतेशचा नवा काचेचा फोन बरोबर नेला होता, तो दाखवला, तर कुणी विचारलं, उन्हात दिसतंय का? कुणी विचारलं, चार्जिंग किती दिवस पुरतंय? रानात प्लग कुठं असतो? एका म्हाताऱ्यानं तर टॉर्च हाय का एवढंच विचारलं, बाकीचं त्याला काही नकोच होतं.

शेवटी तो ठाणाकुशनूरच्या शिवारात आला. तिथं त्याच्या बापानं, मायाप्पानं, एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती. योगीराजनं तोच काचेचा फोन बापाच्या हातात दिला. पन्नास वर्षं लोकर कातून आणि दोर वळून मायाप्पाचा अंगठा चपलेच्या तळव्यासारखा झाला होता. त्यानं काचेवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. दाबून ठेवलं, घासून बघितलं, धोतराला पुसून परत ठेवलं. काच हूं की चूं करेना. योगीराजनं नुसतं टेकवलं तर लगेच उघडली.

मायाप्पा हसला. "ह्याला मी दिसंनाच की रे. मी हाय का न्हाई, ह्याला कळंना."

योगीराजही हसला, पण फोन त्यानं परत खिशात घातला. आपल्या बापाला नाही म्हणणारी वस्तू आपण कशाला करायची? त्यानं तिथंच ठरवलं, बटण. महांतेश चार दिवस तोंड फुगवून बसला आणि मग कामाला लागला.

दसऱ्यापर्यंत काम उभं राहिलं. एक दाबलं की पाणी आहे, दोन दाबलं की नाही, तीन म्हणजे चारा. दाबलेला आकडा कोळारच्या खोलीत टेबलाखालच्या संगणकात येऊन पडायचा. माणसाचं नाव, जवळच्या टॉवरचं गाव, वेळ आणि आकडा, अशी एक ओळ. ओळ पडली की संगणक उलटा निरोप धाडायचा आणि मेंढपाळाच्या हातातला फोन एकदाच थरथरायचा. म्हणजे पोचलं.

पाचाचं बटण मायाप्पानं स्वतः शोधलं. त्या बटणावर बारीक उंचवटा असतो, न बघता सापडावं म्हणून. "हे तर अंधारात बी घावतंय," तो म्हणाला. "ह्याला काय ठिवलास?"

"अजून काईच न्हाई, अप्पा."

"मंग 'बरं हाय' ठिव. पाणी असो नसो, माणूस बरा हाय एवढं तर घरी कळावं."

योगीराजनं तसं केलं. टॉर्चचे दोन काळे फोन आणले, एकसारखे, दोन्हीत प्रोग्राम घातला आणि एक बापाला दिला, एक आईला, अंबुबाईला. अंबुबाई तिचा फोन कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि कुणाचा आला तर उचलायची, तेवढंच. मायाप्पा मात्र रोज दिवेलागणीला पाच दाबायचा. मेंढरं वाघुरीच्या जाळीत घातली, की पाच. हातातला फोन थरथरला, की खूश. "हाक मारली की ओ देतंय," असं तो भेटेल त्याला सांगायचा. कोळारला योगीराज ओळ बघायचा आणि मगच खाली चहाला जायचा.

दोन हजार बाराच्या माघात मायाप्पा मेहकरला घरी आलेला होता. सकाळी तांब्याभर पाणी पिऊन तो भिंतीला टेकून बसला आणि पुन्हा उठला नाही. दुखणं नाही, खुपणं नाही. योगीराज पोचला तेव्हा लोक खोळंबले होते.

त्यांच्यात माणसाला पुरतात, आणि त्याचं रोजचं जे काही असेल ते बरोबर देतात. बांधावरच्या लिंबाखाली मायाप्पाला ठेवला. घोंगडी दिली, काठी दिली, तंबाखूची चंची दिली. तेवढ्यात अंबुबाईनं कमरेच्या पिशवीतून काळा फोन काढला आणि वाकून नवऱ्याच्या बंडीच्या खिशात घातला. त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. कुणीतरी म्हणालं, अगं, चालू हाय तो. भावकीतले तात्याराव म्हणाले, "असू द्या. त्याचं त्याच्यासंगं." योगीराजनं बघितलं. त्यानं तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झाला.

दहावं आटोपून तो कोळारला परतला. टेबलाखालचा संगणक चालूच होता. सवयीनं त्यानं यादी काढली.

मायाप्पा. मेहकर. ५.

तिसऱ्या दिवसापासून रोजची एक ओळ होती. दिवेलागणीची.

योगीराजनं यादी बंद करून पुन्हा उघडली, ओळी तशाच. पण माणूस शिकलेला, त्यानं लगेच मनाची समजूत घातली. वरून मातीचा भार आहे, बटण दाबलं जात असेल. चार्जिंग आहे तोवर चालेल. चार दिवसांची बॅटरी, फार तर आठवडा.

आठवडा गेला. महिना गेला. ओळ काही चुकली नाही. आणि भाराचं म्हणावं, तर भार दिवसभर असतो, मग ओळ संध्याकाळचीच का? त्यानं वेळा लावून बघितल्या. माघात साडेसहाच्या आत येणारी ओळ वैशाखात सातच्या घरात गेली होती. दिवस मोठा होत गेला तशी ती पुढं सरकली होती. यंत्र घड्याळावर चालतं. ही ओळ ऊन बघून येत होती, जसा मायाप्पा बघायचा.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. महांतेशला नाही आणि आईला तर नाहीच. बिचारी आधीच खचलेली, तिला काय सांगायचं? अंबुबाई घरी एकटीच असायची. दारात चार शेळ्या ठेवल्या होत्या. मेंढरं सगळी योगीराजच्या बहिणीच्या, मंगलच्या घरी गेली होती. मंगल गल्लीतच दिलेली. "माझा फोन बिघडलाय, मंगलच्या फोनवर लावत जा," असं आईनं दहाव्यालाच सांगून टाकलं होतं. नवा आणू का, तर नको म्हणाली.

मृगाच्या आसपास एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. ओळ पडली आणि त्यानं बापाचा नंबर लावला. लागणार नाही याची त्याला खात्री होती. लागला. सहा वेळा वाजला आणि कुणीतरी उचलला.

पलीकडं कोणी बोललं नाही. वारा होता. श्वास होता, म्हाताऱ्या माणसाचा, अडखळत येणारा. आणि लांबवर गळ्यातल्या घुंगराचा आवाज. योगीराजच्या तोंडून "अप्पा" निघेना. पलीकडचाही बोलेना. मिनिटभर दोन्हीकडं नुसता श्वास चालला, आणि मग योगीराजनंच फोन ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही. पण खरं सांगायचं तर भीती दोनच दिवस टिकली. पुढं त्याला त्या ओळीची चटक लागली. बाप बरा आहे हे रोज कळत होतं. किती जणांना कळतं? तो संध्याकाळी कुठं जाईनासा झाला.

इकडं महांतेशचं भाकीत खरं होत होतं. संस्थेनं काचेचे फोन वाटायला काढले. तरण्या मेंढपाळांनी हौसेनं घेतले, म्हाताऱ्यांचे लेकांनी घेतले. महांतेशनं अँड्रॉइडवर सगळं नव्यानं लिहिलं आणि झकास लिहिलं, नकाशासकट. बटणवाले साठ होते ते तीस झाले, मग अकरा, मग चार. कोजागरीपर्यंत यादीत एकच नाव उरलं.

"हे कोण ऱ्हायलंय?" महांतेशनं टेबलाखाली वाकून पडदा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "योग्या, ह्ये तर अप्पा."

"व्हय."

"कधीपासून?"

योगीराजनं सांगितलं. महांतेश खुर्ची ओढून समोर बसला. चांगला मित्र होता तो, हसला नाही. म्हणाला, "हे बघ. तिथं लिंबाखाली काय चालू हाय मला कळंना, आणि कळून घ्यायचं बी न्हाई. पण तू पार वाळून गेलास. संस्थेनं दिवाळीच्या आत बटणाचं बंद करा म्हणून कळवलंय. एका नंबरासाठी कोण ठिवतंय? आणि त्या नंबराला तू तरी किती दिवस असं बांधून ठिवणार? जाऊ दे त्याला."

हे शेवटचं वाक्य योगीराजला लागलं. आपण बापाला अडकवून ठेवलंय की काय? बाप हाक मारतोय आणि आपलं यंत्र ओ देतंय, म्हणून तर तो जात नसेल? आठ दिवस तो या विचारानं झुरला. बंद केलं तर बाप दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी आपल्या हातानं. नाही केलं तर तो लिंबाखाली रोज दिवेलागणीची वाट बघत पडून राहणार. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी त्यानं डोळे मिटले आणि टेबलाखालची वायर उपसली. संगणकाचा पंखा घरघरून थांबला. संध्याकाळी खोलीत बसवेना म्हणून तो बिदरला जाऊन किल्ल्याच्या भिंतीशी बसून राहिला आणि लहान पोरासारखा रडला.

मंगळवारी, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, तो मेहकरला पोचला. मंगलनं अंगण सारवलं होतं. अंबुबाई चुलीपाशी बसली होती, पण चूल पेटलेली नव्हती. चार दिवसांत बाई निम्मी झाली होती.

"माय, काय झालं? बरं न्हाई का?"

अंबुबाईनं दाराकडं बघितलं. मंगल बाहेर होती. मग तिनं कमरेच्या पिशवीतून काळा फोन काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"ह्ये बिघडलंय का बघ रे. शुक्करवारपासून ओ देईना."

योगीराजनं फोन उलटा केला. मागं लोकरीचा दोरा गुंडाळलेला होता. मायाप्पानं स्वतः कातलेला, झाकण निघू नये म्हणून बांधलेला.

"हा अप्पाचा हाय," तो म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"व्हय की. त्याच्यासंगं मी माझा दिला. त्याचा मी ठिवला. दोघांकडं एकमेकाचं कायतरी नको का?" अंबुबाई साधेपणानं म्हणाली, मिठाचा डबा कुठं ठेवला हे सांगावं तशी. "कानात सांगितलं व्हतं त्याच्या, तू दाबायची घाई करू नको. मी रोज दिवेलागणीला पाच दाबते, तू नुसती ओ दे. रोज द्यायचा बघ. हातात असा थरथरायचा. कधी चुकला न्हाई."

योगीराज फोन घेऊन तिच्याशेजारी चुलीपाशी बसला.

"एकदा तर त्यानं फोन बी लावला," ती म्हणाली. "दारात शेळ्या बांधायले व्हते. उचलला तर बोलंना. नुसता श्वास. मी बी काय बोलले न्हाई, मेलेल्या माणसाला नावानं हाक मारू न्हाई म्हणतात. पण त्योच व्हता. मला वळखू येणार न्हाई का त्याचा श्वास?"

वाचता येत असतं, तर तिला पडद्यावर लेकाचं नाव दिसलं असतं. नऊ महिने आई पाच दाबत होती आणि लेक कोळारात बसून बाप पाच दाबतोय म्हणून जगत होता. लेकाचं यंत्र ओ देत होतं आणि आई नवरा ओ देतोय म्हणून जगत होती. आणि शुक्रवारी योगीराजनं काय केलं होतं? त्याला इतकी लाज वाटली की मान वर करवेना. खरं सांगावं तर कोणत्या तोंडानं, आणि सांगून तिच्या हातात काय उरणार होतं?

"बिघडला न्हाई, माय," तो म्हणाला. "आज दाब. आज देईल बघ."

"कुठं निघालास? सणाचं जेवून तर जा."

तो गाडीपर्यंत पोचला होता. अंबुबाई दारात आली. "मला बी वाटायलंय आज देईल," ती म्हणाली. "सकाळी लिंबाखाली जाऊन सांगून आले. म्हटलं, माझी हाक पोचंना झालीया, आता तू मार बघ. तुझ्याकडं बी फोन हाय की."

योगीराजनं ऐकलं आणि गाडी सुरू केली. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की दिवस मावळायच्या आत कोळार गाठायचं.

दिवाळीची कोळारची वसाहत म्हणजे कुत्रंही नाही. गोदामाला कुलूप, पहारेकरी गावाला गेलेला. योगीराज धापा टाकत वर चढला, वायर लावली आणि खाली फरशीवर बसला. संगणक घरघरला. यादी उघडली, कोरी. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत छताला टेकलं आणि गेलं.

मायाप्पा. मेहकर. ५.

ओळ पडली. योगीराजनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यंत्रानं उलटा निरोप धाडला. तिकडं आता आईच्या हातात फोन थरथरला असणार, हे त्याला दिसत होतं, आणि त्याचे डोळे वाहत होते. झालं. हे आपण बंद करायचं नाही. जग काचेवर जाऊ दे नाहीतर आणखी कशावर, आपण एका म्हातारीसाठी बटणाचं चालू ठेवायचं. डोळे पुसून तो उठायला गेला आणि पुन्हा खाली बसला.

खाली दुसरी ओळ पडली होती. त्याच मिनिटाची.

अंबुबाई. मेहकर. ५.

त्यानं नंबर एकेक आकडा करून वाचला. आईचाच. नऊ महिन्यांपूर्वी लिंबाखाली गेलेला, ज्याच्यावर त्यानं स्वतः तीन मुठी माती टाकली होती. खोलीत अंधार पडत होता आणि पंखा घरघरत होता. यंत्राला जिवंत आणि मेलेलं कळत नाही. त्यानं दुसऱ्या ओळीलाही पोचल्याचा निरोप धाडला.

पाडवा करून महांतेश आला तेव्हा टेबलाखाली संगणक चालू होता. त्यानं कपाळाला हात लावला.

"बंद केला व्हतास न्हवं? एका नंबरासाठी परत चालू केलास?"

"एक न्हाई," योगीराज म्हणाला. "आता दोघं हायेत."